मुक्त दार आणि लिखित नियम

(लिनक्सच्या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)

नोकरीच्या किंवा कामाच्या दारात उभ्या राहिलेल्या आपल्या मुलामुलींना आजही दोन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. पहिला, "तुला काय येते?" दुसरा, "तू कोणाच्या ओळखीने आलास?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासाने देता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्या घरात शिक्षणाची ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, त्या घरापाशी बहुधा नसते. गुणपत्रिका चांगली असूनही वशिल्याअभावी मागे राहिलेली मुले प्रत्येक वस्तीत आहेत.

संगणकाच्या जगात एक दालन असे आहे की जेथे हा दुसरा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. तेथे अर्ज नाही, शिफारसपत्र नाही, प्रवेश शुल्क नाही. केलेले काम पुढे ठेवावयाचे, ते सर्वांसमक्ष तपासले जाते, आणि योग्य ठरल्यास करणाऱ्याच्या नावासह कायमचे नोंदले जाते. या दालनाला मुक्तस्रोत असे म्हणतात. त्याचे दार उघडे आहे. परंतु आत वावरण्याची शिस्त आहे आणि ती शिस्त लिहून ठेवलेली आहे. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या सभासदांनाही समजेल अशा भाषेत ती येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मजकुराला कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तयार वस्तू विकतात, पण हा मूळ मजकूर कुलपात ठेवतात. मुक्तस्रोत कामात तो सर्वांना वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला चळवळीचे रूप दिले. त्यांनी तयार केलेल्या जीपीएल या परवान्याची अट मोठी अर्थपूर्ण आहे. तुम्ही हा कोड घ्या, बदला, हवे तर विका. पण बदललेली वस्तू दुसऱ्याला देताना तिचा मूळ मजकूर वाचण्याचा अधिकारही त्याला द्या. ज्ञान मिळालेल्याने पुढच्यासाठी दार लावून घेऊ नये, हा त्याचा मथितार्थ आहे.

याच मार्गाने वाढलेले सर्वात मोठे काम म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये आलेली तिची पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली आणि जगभरातील माणसे तिच्यात भर घालू लागली. आज लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा मजकूर चार कोटी ओळींच्या आसपास आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हाच गाभा आहे. जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते. त्या एका आवृत्तीत सुमारे दोन हजार माणसांचे काम आणि दहा हजारांहून अधिक बदल असतात. यातील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. मग हा गाडा चालतो कसा? त्याचे उत्तर एकच, लिखित नियम.

नियम कोणाच्या हिताचे?

नियम म्हटले की आपल्याला अडवणूक आठवते. कारण नियमांच्या नावाखाली आपल्याला अडविल्याचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. परंतु अडवणूक होते ती बहुधा न लिहिलेल्या नियमांनी. जो नियम लिहिलेला आहे, सर्वांना वाचता येतो आणि सर्वांना सारखा लागू आहे, तो दुर्बलाचे संरक्षण करतो. ज्याची ओळख आहे त्याचे नियमांवाचून अडत नाही; ज्याची ओळख नाही त्याला नियमांखेरीज दुसरा आधार नसतो.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. शाक्य राजकुमार दीक्षा घेण्यास निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. आपला कुळाचा अभिमान गळावा म्हणून उपालीला आपल्या आधी दीक्षा द्यावी, अशी विनंती त्या राजकुमारांनीच तथागतांना केली. संघात ज्येष्ठत्व दीक्षेच्या क्रमाने ठरत असल्यामुळे राजपुत्रांना न्हाव्यापुढे नत व्हावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे प्रश्न महाकश्यपांनी विचारले ते उपालीलाच. जन्माने खालचा ठरविलेला माणूस नियमांचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना भिक्खूसंघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान यांचे नियम होते, याची आठवण करून दिली होती. नियम जाणणे हीसुद्धा एक शक्ती आहे.

काम पाठविण्याचे नियम

लिनक्समध्ये सुचविलेल्या बदलाला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. भिक्खूंचे चीवर जसे तुकडे जोडून शिवलेले असते, तसेच हे काम लहान लहान तुकड्यांनी वाढते. हा पॅच कसा असावा यासंबंधीचे मार्गदर्शन कर्नलच्या सोबतच दिलेले असते. त्यातील मुख्य गोष्टी अशा आहेत.

१) एका पॅचमध्ये एकच गोष्ट असावी. चूक दुरुस्त करताना सोबत आणखी चार सुधारणा करण्याचा मोह होतो. तसे करू नये. प्रत्येक बदल स्वतंत्र असावा आणि तो लावल्यावर कर्नल व्यवस्थित तयार झाला पाहिजे. याचे कारण व्यावहारिक आहे. समजा, नव्या आवृत्तीत बिघाड दिसला आणि मध्ये हजार बदल झालेले आहेत. तेव्हा बदलांच्या मधोमध जाऊन तपासतात. बिघाड अलीकडे की पलीकडे ते पाहून निम्मे बदल बाजूला काढतात. असे निम्मे-निम्मे करीत गेल्यास हजारातला दोषी बदल सुमारे दहा तपासण्यांत सापडतो. मात्र तो बदल लहान आणि एकाच गोष्टीचा असेल तरच सापडल्याचा उपयोग. एका पॅचमध्ये दहा गोष्टी कोंबल्या असतील तर शोध पुन्हा सुरू करावा लागतो.

२) काय केले यापेक्षा का केले ते लिहावे. प्रत्येक पॅचबरोबर एक टिपण द्यावे लागते. सुमारे ७० ते ७५ अक्षरांत मावणारी शीर्षकाची ओळ, त्यात कोणत्या विभागातला बदल आहे त्याचा उल्लेख, आणि खाली सविस्तर मजकूर. त्या मजकुरात आधी अडचण सांगावी, ती वापरणाऱ्याला कशी जाणवते ते सांगावे, मग उपाय सांगावा. भाषा आज्ञार्थी ठेवावी. 'मी अमुक केले' असे न लिहिता 'अमुक कर' अशा धाटणीने लिहावे. पाच वर्षांनंतर एखादा अनोळखी माणूस ते टिपण वाचणार आहे आणि तेव्हा समजावून सांगायला आपण शेजारी नसणार, हे मनात ठेवून लिहावे. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांनी घाबरू नये. येथे साहित्यिक इंग्रजी नको असते. लहान, सरळ वाक्ये पुरतात.

३) लिहिण्याची ठरलेली पद्धत पाळावी. ओळ आत सरकवताना आठ अक्षरांइतकी जागा सोडावी, कंस कोठे उघडावा, नावे कशी द्यावीत, हे सारे ठरलेले आहे. तीनपेक्षा अधिक पायऱ्या आत जावे लागत असेल तर मांडणीच चुकली आहे असे समजावे, असा सल्लाही त्यात आहे. हे कोणाचे वैयक्तिक आवडीचे प्रश्न नव्हेत. हजारो हातांचे लेखन एका हाताचे वाटले तरच ते वाचणे सोपे जाते. पाठविण्यापूर्वी आपला पॅच तपासून घेण्यासाठी चेकपॅच नावाचे साधन कर्नलसोबतच मिळते. ते वापरावे, परंतु साधन सांगते म्हणून डोळे मिटून बदल करू नयेत.

४) योग्य माणसाकडे पाठवावे. कर्नलचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाला सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर आहेत. त्यांची नावे मेंटेनर्स या फाइलीत दिलेली असतात. आपल्या पॅचचा संबंध कोणाशी आहे हे शोधून देणारे साधनही उपलब्ध आहे. पॅच साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवावा. जोडपत्र म्हणून किंवा सजविलेल्या अक्षरांत पाठवू नये. कारण वाचणाऱ्याला त्यातील एकेका ओळीखाली आपले मत लिहायचे असते.

५) स्वतः चालवून पाहावे. जे आपण तयार करून, चालवून पाहिले नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. एक नियम तर टोरवाल्ड्स फार कडकपणे पाळतात. कर्नलमध्ये बदल केल्यामुळे लोकांचे आधी चालणारे काम बंद पडता कामा नये. आपली कल्पना कितीही चांगली असो, तिच्यापायी वापरणाऱ्याचे नुकसान झाले तर ती मागे घ्यावी लागते.

६) सही करावी. प्रत्येक पॅचच्या शेवटी पाठविणाऱ्याने 'साइन्ड ऑफ बाय' या शब्दांपुढे आपले नाव आणि ई-मेल लिहावयाचा असतो. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आपला कोड लिनक्समध्ये वापरल्याचा आरोप करून आयबीएमवर दावा लावला. कोणती ओळ कोठून आली हे सांगता आले पाहिजे, ही गरज तेव्हा तीव्रतेने जाणवली आणि २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. या सहीचा अर्थ असा की, हे काम माझे आहे किंवा योग्य परवान्याने मला मिळालेले आहे, ते देण्याचा मला अधिकार आहे, आणि ही नोंद सार्वजनिक व कायमची राहणार हे मला मान्य आहे. निनावी काम स्वीकारले जात नाही. पुढे तो पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जातो तो तो आपली सही खाली जोडतो. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो व दोघांच्याही सह्या कागदावर राहतात, तसेच हे आहे. सहीमुळे श्रेय मिळते आणि जबाबदारीही येते.

७) इतरांचे श्रेय द्यावे. चूक कोणी दाखविली, उपाय कोणी सुचविला, कोणी तपासून पाहिले, या प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहिण्याची सोय आहे. कोड न लिहिता केवळ काळजीपूर्वक चूक कळविणाऱ्याचे नावही इतिहासात राहते.

तपासणी आणि पवारणा

पॅच पाठविल्यावर खरी परीक्षा सुरू होते. उत्तर यायला साधारण दोन-तीन आठवडेही लागतात. आठवडाभर तरी वाट पाहावी, रोज स्मरणपत्रे धाडू नयेत. उत्तर येते ते बहुधा दोष दाखविणारे असते, आणि तेही सर्वांसमक्ष. अनेक नवखे येथेच गळतात. आपल्या मुलांना हे अधिक झोंबते. वर्गात सर्वांदेखत अपमान झाल्याच्या आठवणी ज्यांनी जपून ठेवलेल्या असतात, त्यांना दोष दाखविणारे प्रत्येक वाक्य अपमानासारखे वाटू शकते.

यासाठी पवारणेचे स्मरण ठेवावे. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो की, माझे काही दोष आपण पाहिले असतील, ऐकले असतील किंवा तशी शंका आली असेल, तर कृपा करून सांगावे. ही सुरुवात नवख्यापासून होत नाही, ज्येष्ठापासून होते. स्वतः तथागतांनीही संघापुढे असे आवाहन केल्याचे संयुत्त निकायात आले आहे. पॅच पाठविणे ही एक प्रकारची पवारणाच होय. आपण दोष दाखविण्याची विनंती केलेली असते. दाखविणारा आपली विनंती मान्य करीत असतो.

प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे. पटले तर बदल करावा, पटले नाही तर कारण सांगावे. गप्प बसू नये आणि वादासाठी वादही घालू नये. सुधारलेला पॅच दुसरी आवृत्ती म्हणून पाठवावा आणि पहिल्यापेक्षा काय बदलले ते लिहावे. तीन-चार आवृत्त्या होणे ही सामान्य गोष्ट आहे.

दोष दाखविणाऱ्यानेही मर्यादा पाळली पाहिजे. लिनक्समध्ये अनेक वर्षे काही ज्येष्ठांची भाषा फार कठोर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामापासून दूर राहिले. त्याच वेळी प्रकल्पाने लेखी आचारसंहिता स्वीकारली. कामावर बोला, माणसाला कमी लेखू नका, हे तिचे सार आहे. ज्येष्ठाने आधी स्वतःची चूक मान्य केल्यामुळेच त्या आचारसंहितेला वजन आले.

विश्वासाचा भंग

उघड्या दारातून खोटेपणाही येऊ शकतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी तपासणी कितपत सावध आहे हे पाहण्यासाठी आधी जाणूनबुजून सदोष पॅच पाठविले होते, ही बाब ऐरणीवर आली. मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे काम नाकारण्याचे जाहीर केले. तेथून पूर्वी आलेल्या चारशेहून अधिक बदलांची फेरतपासणी स्वयंसेवकांना करावी लागली. त्यातील बहुसंख्य बदल योग्य निघाले. म्हणजे प्रामाणिकपणे काम केलेल्या विद्यार्थ्यांकडेही काही काळ संशयाने पाहिले गेले. संशोधकांनी माफी मागितली आणि शोधनिबंध मागे घेतला. मोठ्या विद्यापीठाचे नाव तेथे कामी आले नाही. नियम विद्यापीठालाही तोच आणि खेड्यातील विद्यार्थ्यालाही तोच.

अडचणी लपवू नयेत

हे सर्व वाचून तेथे समतेचे राज्य अवतरले आहे असे कोणी समजू नये. कर्नलमध्ये काम करणारे बहुतेक जण आज कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. शिकत असताना घरखर्चासाठी काम करणाऱ्या मुलाला फुकट देण्याइतका वेळ कोठून आणावा? चांगला संगणक, इंग्रजीचा सराव, विचारायला जाणकार माणूस, या गोष्टी सर्वांना सारख्या मिळत नाहीत. आडनाव वाचून जात शोधणारा माणूसही भेटणारच नाही असे नाही. फरक एवढाच की तेथे नकाराचे कारण उघडपणे लिहावे लागते आणि ते जगाला वाचता येते. बंद खोलीत झालेल्या मुलाखतीत हे घडत नाही. शिवाय नोंदले गेलेले काम कोणालाही तपासून पाहता येते, आणि नोकरी मागताना ते कोणाच्याही शिफारसपत्राइतकेच बोलके असते.

सुरुवात कोठून करावी?

पहिल्याच दिवशी मोठे काम हाती घेऊ नये. आधी नियमांची पाने वाचावीत, दुसऱ्यांचे पॅच आणि त्यांवरील चर्चा महिनाभर वाचावी. कर्नलमध्ये स्टेजिंग नावाचा विभाग आहे. अजून पक्का न झालेला कोड तेथे असतो आणि काय दुरुस्त करायचे राहिले त्याच्या याद्याही तेथेच असतात. नवख्याने तेथून आरंभ करावा.

ज्यांना कर्नल अवघड वाटतो त्यांच्यासाठी लहान प्रकल्प पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या दाराशीच योगदान कसे द्यावे हे सांगणारी फाइल असते. ती आधी वाचावी. कोड लिहिता येत नसेल तर चुका नीट कळवाव्यात, माहितीपुस्तिका सुधाराव्यात. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस ही साधने मराठीतही आहेत; ती मराठीत आणण्यासाठी माणसांनी शब्दन् शब्द भाषांतरित केला आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही येथे काम आहे.

आपल्या संस्थेच्या सभासदांनाही एक सूचना करावीशी वाटते. विहारात आठवड्यातून एक सायंकाळ या अभ्यासासाठी राखता येईल. चार-पाच विद्यार्थ्यांनी नियमांचे एकेक पान एकत्र वाचावे, त्याचा मराठीत अर्थ लावावा, आणि पॅच बाहेर पाठविण्यापूर्वी एकमेकांचा तपासावा. आपल्या माणसाने दाखविलेला दोष ऐकण्याची सवय झाली की परक्याने दाखविलेला दोष बोचत नाही. नोकरी करणाऱ्या सभासदांनी आपला जुना पण चालू संगणक अशा गटाला द्यावा.

बाबासाहेबांनी सांगितलेल्या शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या मंत्रात शिकणे पहिले आहे. ज्या दारावर ओळख विचारली जात नाही, तेथे तरी आपण तयारीअभावी मागे राहता कामा नये. नियम समजून घ्या, काम लहान पण नेटके करा, त्याखाली आपले पूर्ण नाव लिहा आणि ते पाठवा.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!